उपयोगी पडण्याचा हिशेब

स्वतःचा व्यवसाय करणाऱ्याला समाधान कशातून मिळते, या प्रश्नावर सध्या दोन तट पडलेले दिसतात आणि दोघेही एकमेकांचे म्हणणे सोयीपुरतेच ऐकतात. एक तट सांगतो, लोकांना भरभरून देत राहा, पैसा मागून धावत येईल आणि समाधान तर त्याच्याही आधी. दुसरा तट म्हणतो, ही गोड भाषा म्हणजे स्वतःच स्वतःला राबवून घेण्याची तजवीज आहे. काम करा, बिल लावा, घरी जा, समाधान काय ते संध्याकाळी शोधा. पहिल्याच्या लक्षात येत नाही की आपण नेमके काय दिले हे देणाऱ्याला बहुतेक वेळा कळतच नाही. आपल्या हातून काहीतरी चांगले झाले असावे, एवढ्या मोघम समजुतीवर तो वर्षे काढतो आणि एक दिवस कंटाळतो. दुसऱ्याच्या लक्षात येत नाही की जागेपणाचा मोठा हिस्सा ज्यात जातो त्यातून काहीच नको असे म्हणणारा माणूस हिशेबी नसतो, थकलेला असतो. माझे मत मधले नाही, वेगळे आहे. समाधान येते ते दोन गोष्टी एकत्र आल्यावर: आपल्या कामाने समोरच्याचे काय झाले ते आपल्याला दिसले पाहिजे, आणि जे दिसले त्यानुसार पुढचे काम बदलण्याचा अधिकार आपल्याकडे पाहिजे. स्वयंरोजगारात या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या हातात येऊ शकतात. ‘येऊ शकतात’ म्हणतो, कारण त्या आपोआप येत नाहीत. दर, अटी आणि वेळापत्रक यांत जागा ठेवली तरच येतात.

परिणाम दिसण्याला एवढे महत्त्व का? अ‍ॅडम ग्रँट हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी यांचा २००७ सालचा एक प्रयोग यासाठी पाहण्यासारखा आहे. अमेरिकेतल्या एका विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या गोळा करणाऱ्यांपैकी काहींची, त्याच देणग्यांतून शिष्यवृत्ती मिळालेल्या एका विद्यार्थ्याशी भेट घालून दिली. भेट जेमतेम पाच मिनिटांची. महिनाभराने पाहिले तर त्या गटाचा फोनवरचा वेळ दुपटीहून अधिक वाढला होता आणि जमलेली रक्कम १७१ टक्क्यांनी. पगार तोच, कामाची पद्धत तीच. आपल्या फोनच्या पलीकडे एक खरा माणूस आहे, एवढेच काय ते नव्याने कळले होते. आता उपदेश करणाऱ्यांना विचारावेसे वाटते: ही माणसे त्याआधीही ‘देत’च होती ना? मग देण्याचे समाधान त्यांना आधीच का मिळाले नव्हते?

दुसरा भाग अधिकाराचा. ब्रूनो फ्राय आणि मथियास बेंझ या अर्थतज्ज्ञांनी जर्मनी, ब्रिटन आणि स्वित्झर्लंड इथल्या पाहण्यांची आकडेवारी तपासून २००८ मध्ये दाखवले की स्वयंरोजगारी लोक नोकरदारांपेक्षा कामाबाबत अधिक समाधानी असतात, आणि हा फरक उत्पन्नाने किंवा कामाच्या तासांनी समजावता येत नाही. वर साहेब नसणे, हीच एक मिळकत ठरते. पण नुसते स्वातंत्र्य घेऊन करायचे काय? परिणाम दिसत नसेल तर स्वातंत्र्य म्हणजे अंधारात हवे तिकडे वळण्याची मुभा.

एक साधे काम जवळून पाहू. सुतार स्वयंपाकघराचे फर्निचर करतो. ग्राहक मोबाइलवर फोटो दाखवतो आणि म्हणतो, ‘हे असेच पाहिजे.’ फोटोतल्यासारखे करून दिले की काम संपले, बिल निघाले, ग्राहकही खूश. आता तोच सुतार सहा आठवड्यांनी अर्ध्या तासासाठी पुन्हा गेला तर त्याला काय दिसेल? गुडघ्याखालचे दोन मोठे ड्रॉवर जवळजवळ रिकामे आणि रोज लागणारी भांडी ओट्यावर मांडलेली, म्हणजे वाकून काढण्याचा कंटाळा जिंकला. चार फुटांहून उंच दाराला दोनच बिजागऱ्या लावल्या होत्या, ते खाली उतरून शेजारच्या दाराला घासू लागलेले. तिथे तीन हव्या होत्या. बिजागरीचे स्क्रू पार्टिकल बोर्डात (लाकडाचा चुरा दाबून केलेल्या फळीत) असतील तर त्यांची पकड सुटायला लागलेली. आणि ओटा फोटोतल्या उंचीचा, पण काम करणारी व्यक्ती बुटकी असल्याने तिचे खांदे दिवसभर उचललेले. ओटा कोपरापेक्षा दहा ते पंधरा सेंटिमीटर खाली हवा, हे त्याला माहीतही असेल. मात्र ऑर्डर द्यायला आलेल्याचे कोपर मोजून उपयोग नाही, रोज तिथे उभे राहणाऱ्याचे मोजायला हवे, हे त्याला त्या दुसऱ्या भेटीत समजते. पुढच्या कामाला तो फोटो बाजूला ठेवून आधी दोन प्रश्न विचारतो: इथे जास्त वेळ कोण उभे राहणार, आणि रोज हातात येणाऱ्या वीस वस्तू कोणत्या? त्या वीस वस्तू तो गुडघा ते खांदा या पट्ट्यात बसवतो. मूल्य म्हणतात ते हे. सुताराने लाकूड, फिटिंग आणि मेहनत दिली. मूल्य तयार झाले की नाही हे ओट्यापाशी उभ्या असलेल्या माणसाच्या खांद्याने ठरवले.

याविरुद्धचा सर्वांत वजनदार आक्षेप असा की हे सगळे नोकरीतही होते. नर्सला रुग्ण सुधारताना दिसतो, शिक्षकाला मूल वाचताना दिसते. त्यासाठी दुकान थाटावे लागत नाही. हे मान्यच करायला हवे. पाश्चात्त्य संगीताच्या इतिहासातली जोडी घ्या, हायडन आणि मोझार्ट हे दोन रचनाकार. योसेफ हायडन १७६१ मध्ये एस्टरहाझी या सरदार घराण्याच्या चाकरीला लागला. सुरुवातीच्या करारानुसार त्याला परवानगीशिवाय इतर कुणासाठी रचना करण्याची मुभा नव्हती; आजचा कुठलाही फ्रीलान्सर असला करार फाडून टाकेल. तरीही त्याच बंदिस्त चाकरीत तो घडला, आणि त्याचे कारण त्याने स्वतःच सांगितले आहे: वाद्यवृंद रोज हाताशी असल्याने काय केले की परिणाम वाढतो आणि कशाने तो पडतो हे करून पाहता येई, मग त्याप्रमाणे भर घालायची, कापायचे, धाडस करायचे. म्हणजे परिणाम दिसणे आणि बदलण्याचा अधिकार, दोन्ही त्याला चाकरीत मिळाले. माझे म्हणणे यामुळे पडते का? उलट नेमके होते. समाधान मालकीच्या पाटीतून येत नाही हे हायडन सिद्ध करतो. पण त्याला मिळालेली सोय उसनी होती. १७९० मध्ये त्या घराण्याचा प्रमुख प्रिन्स निकोलाउस वारला आणि त्याच्या वारसाने बहुतेक वादकांना रजा दिली. तीस वर्षांच्या कामाचा पाया एका माणसाच्या आवडीवर उभा होता. ती आवड संपली आणि प्रयोगशाळा मोडली. हायडनचे नशीब की तोवर त्याचे नाव झाले होते आणि लंडनहून बोलावणे आले. ज्याचे नाव झालेले नसते अशा नोकरदाराचे विभाग बदलला, वरिष्ठ बदलला, कामाचे तुकडे पडले की काय होते? रुग्ण दिसतो, पण एका रुग्णाला किती मिनिटे द्यायची हे नर्स ठरवत नाही. दिसते आणि बदलता येत नाही, याचा त्रास न दिसण्यापेक्षा मोठा असतो.

दुसरा आक्षेप पैशाचा, आणि तिथे ‘मूल्य द्या, पैसा येईल’ म्हणणाऱ्यांची बोलती बंद होते. द्याल तर येईल? मोझार्टने १७८१ मध्ये साल्झबर्गच्या आर्चबिशपची चाकरी सोडली आणि व्हिएन्नात स्वतंत्रपणे काम सुरू केले. १७८४ मधल्या त्याच्या वर्गणीच्या (आगाऊ पैसे भरून ऐकायच्या) मैफलींच्या यादीत १७४ नावे होती. १७८९ च्या जुलैत त्याने पुन्हा यादी फिरवली तेव्हा तिच्यावर एकच नाव परत आले, बॅरन फान स्वीटनचे. पाच वर्षांत त्याच्या कामाची प्रत घसरली होती काय? मधल्या १७८८ च्या उन्हाळ्यात त्याने शेवटच्या तीन सिंफनी (वाद्यवृंदासाठीच्या मोठ्या रचना) लिहिल्या होत्या! बदलले होते ते भोवतालचे: तुर्कांशी युद्ध सुरू झाले होते आणि खर्च करणारा वर्ग हात आखडून बसला होता. हे अपवादात्मक नाही. अर्थतज्ज्ञ बार्टन हॅमिल्टन यांच्या २००० सालच्या अमेरिकी अभ्यासात, दहा वर्षे व्यवसायात काढलेल्या मध्यम स्वयंरोजगाऱ्याची कमाई तेवढाच काळ नोकरीत मिळाली असती त्यापेक्षा ३५ टक्क्यांनी कमी निघाली. तेव्हा मूल्य दिले की पैसा येतो, हे वाक्य सूत्र म्हणून चुकीचे आहे आणि कर्ज काढून धंद्यात उतरणाऱ्याला ते ऐकवणे बेजबाबदारपणाचे आहे.

पण यातून ‘मग समाधानाच्या गप्पा सोडा’ हा निष्कर्ष निघत नाही. पैशाचे गणित चुकले की परिणाम पाहण्याची सोयच आधी बुडते, असा निघतो. गणित कुठे चुकते ते पाहू. नोकरी सोडून आलेला माणूस आपल्या जुन्या वार्षिक उत्पन्नाला ५२ आठवडे गुणिले ४० तास, म्हणजे २,०८० तासांनी भागतो आणि तो आला ताशी दर असे धरतो. प्रत्यक्षात चार आठवडे सुटी आणि दोन आठवडे आजारपण वजा जाता ४६ आठवडे, म्हणजे १,८४० तास उरतात. त्यातला तिसरा हिस्सा कोटेशन, खरेदी, प्रवास, हिशेब, वसुली आणि शिकणे यांत जातो असे धरले तर बिल लावता येईल असे साधारण १,२०० तास हाती राहतात. म्हणजे दर पावणेदोन पट हवा होता. आधीच्या दराने अपेक्षेच्या ५८ टक्केच मिळणार. (हत्यारे, विमा आणि म्हातारपणाची तरतूद यात अजून धरलेली नाही.) हे खिंडार मग तो रात्री जागून भरतो, आणि सगळ्यात आधी कशाला फाटा देतो? सहा आठवड्यांनंतरच्या त्या अर्ध्या तासाच्या भेटीला. तिचे पैसे कुणी देत नाही ना! दर कमी ठेवणे हे ग्राहकावरचे उपकार वाटतात. खरे तर त्याच दराने तो आपले काम आंधळे करून घेतो. दुसरी भेट, मग ती प्रत्यक्ष असो की वीस मिनिटांच्या फोनची, मूळ कोटेशनमध्येच धरलेली असली पाहिजे. मोझार्टच्या यादीचा धडाही इथेच बसतो: एकाच ग्राहकाकडून, किंवा एकाच वाऱ्याने हलणाऱ्या एकाच थरातून, निम्म्याहून अधिक उत्पन्न येत असेल तर ती बिनपगारी रजेची नोकरी आहे. कुणा एकाचा वाटा तिसऱ्या हिश्श्यावर गेला की नवे ग्राहक शोधायला लागायचे, काम भरपूर असले तरी. आणि किमान सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवायचा. ‘नाही’ म्हणण्याची किंमत आधी साठवून ठेवावी लागते.

पैसे घेतले की कामातला रस जातो, असेही एक ऐकू येते, आणि त्याला आधार आहे. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी यांनी १९७१ मध्ये विद्यार्थ्यांना ठोकळ्यांची कोडी सोडवायला दिली. ज्यांना प्रत्येक सुटलेल्या कोड्यामागे पैसे दिले, ते पैसे थांबल्यावर मोकळ्या वेळात त्या कोड्यांकडे इतरांपेक्षा कमी वळले. हा प्रयोग सगळे सांगतात. त्याच अभ्यासाचा पुढचा भाग मात्र गाळतात: काम चांगले झाले अशी तोंडी दाद मिळाली तेव्हा रस टिकला, वाढला. मोबदला हुकूम म्हणून आला तर रस मारतो, आपल्या कामाबद्दल काही कळवत आला तर मारत नाही. नगामागे मिळणारा पैसा आणि स्वतः ठरवून, कारण सांगून मागितलेला दर यांत हाच फरक आहे. ग्राहक विचार करून ‘हो, या दराला करा’ म्हणतो तेव्हा तो आपल्याला त्याच्या गरजेबद्दल काहीतरी कळवतोच. फुकटात केलेल्या कामाला लोक छान म्हणतात. पण त्या छानवरून काय शिकायचे?

आता ग्राहकाची गुलामी. साहेब एक होता, आता वीस झाले, ही तक्रार खोटी नाही. ‘जरा एवढे करून द्या’ याने जितके एकट्याने काम करणारे घायकुतीला आले तितके मंदीनेही आले नसतील. त्यात दोष सेवाभावाचा कमी आणि कागदाचा जास्त. कोटेशनमध्ये काय करणार एवढेच लिहिलेले असते; काय करणार नाही आणि मध्येच बदल सांगितला तर काय, हे लिहिलेलेच नसते. या दोन ओळी वाढवा, बदलाच्या फेऱ्या दोन ठरवा, तिसरीला वेगळा दर. रक्कम तीन टप्प्यांत घ्या: चाळीस टक्के आगाऊ, चाळीस मध्यावर, वीस ताबा देताना. ते शेवटचे वीस टक्के ‘पसंत पडल्यावर’ असे कधीही लिहू नये. मोजता येईल अशी खूण लिहावी, सर्व ड्रॉवर पूर्ण उघडतात, सर्व दारे न घासता बंद होतात. पसंतीवर अडकलेली रक्कम माणसाला लाचार करते, आणि लाचार माणूस ग्राहकाला खरे सांगत नाही. ग्राहकाने मागितलेली गोष्ट त्याच्या उपयोगाची नाही हे तोंडावर सांगता येणे, हा मूल्य देण्यातला सगळ्यात अवघड आणि सगळ्यात मोलाचा भाग आहे. ज्याचे घर पुढच्या हप्त्यावर चालते तो हे सांगू शकेल काय? एक उलटी चूकही होते: इतके उपयोगी पडायचे की ग्राहकाचे आपल्यावाचून अडावे. पासवर्ड, मापे, आराखडे स्वतःपाशी दाबून ठेवणारे याला निष्ठा म्हणतात. ताबा देताना सगळे कागद हवाली करावेत. परत यायचाच तर तो कामासाठी येईल.

सगळ्यांनाच ही मोकळीक कुठे असते, हा आक्षेप मी सर्वांत गंभीर मानतो. जगातल्या कितीतरी लोकांनी स्वयंरोजगार निवडलेला नाही, नोकरी नाही म्हणून तो त्यांच्यावर पडला आहे, आणि त्यांना ‘मूल्य द्या, समाधान मिळेल’ म्हणणे ही थट्टा आहे. शिवाय नावापुरता स्वयंरोजगार हा एक मोठा प्रकार तयार झाला आहे. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये उबरचे चालक स्वतंत्र कंत्राटदार नसून कामगारांचे हक्क असलेले ‘वर्कर’ आहेत असा निकाल दिला, तेव्हा दिलेली कारणे वाचण्यासारखी आहेत. भाडे कंपनी ठरवते. कराराच्या अटी कंपनी ठरवते. फेऱ्या नाकारण्यावर आणि काम कसे करायचे यावर तिचा अंकुश आहे. आणि शेवटचे कारण: प्रवासी आणि चालक यांच्यात त्या एका फेरीपलीकडे कसलाही संबंध जुळू नये याची कंपनी काळजी घेते. हे शेवटचे कारण माझ्या मते मर्मावरचे आहे. ज्याला दुसऱ्यांदा भेटताच येत नाही त्याच्या उपयोगी आपण पडलो की नाही हे कसे कळणार? पाच तारे आले, पण कशाबद्दल? तेव्हा उपदेशापूर्वी तीन प्रश्न विचारावेत: दर कोण ठरवतो, नकार देता येतो का, आणि तोच ग्राहक पुन्हा थेट भेटू शकतो का. तिन्हींची उत्तरे विरोधात असतील तर त्या माणसाला मूल्याची नव्हे, संघटनेची आणि कायद्याची गरज आहे.

ज्यांना सर्वाधिक गरज आहे त्यांना परवडत नाही, हे दुखणे उरतेच, आणि बाजार ते बरे करत नाही. इथे घासाघिशीत थोडे थोडे सोडणे हा वाईट मार्ग. सवलत गरजवंताला मिळत नाही, चिवट माणसाला मिळते. त्यापेक्षा वर्षाच्या १,२०० तासांपैकी साठ तास आधीच बाजूला काढावेत, कुणाला द्यायचे हे स्वतः ठरवावे, आणि बिलावर पूर्ण रक्कम लिहून खाली ती माफ केल्याची नोंद करावी. अटी, कागद, दुसरी भेट, सगळे इतरांसारखेच.

माझ्या मांडणीतली खरी अडचण विरोधकांनी अजून मांडलेलीच नाही. काही कामांचा परिणाम दिसतच नाही, कारण तो काहीतरी न घडण्यात असतो. विजेची जोडणी तपासणारा, हिशेब वेळेत लावून देणारा, संगणकाचे बॅकअप सांभाळणारा: यांचे काम चोख झाले तर ग्राहकाला काहीच जाणवत नाही, आणि वर्षाअखेरीस तोच विचारतो, ‘तुम्ही करता काय नेमके?’ अशा कामांत परिणाम मुद्दाम दिसेल असा मांडावा लागतो. बॅकअपवाला ‘सर्व ठीक’ असा महिन्याचा अहवाल पाठवतो, तो कुणी उघडत नाही. अनेकदा बॅकअप होत असतो पण त्यातून फाइल परत येत नाही, आणि हे गरज पडते त्या दिवशीच समजते. त्याने दर तीन महिन्यांनी ग्राहकालाच फाइल निवडायला सांगावी, तिची मूळ प्रत बाजूला ठेवून बॅकअपमधली प्रत दुसऱ्या यंत्रावर त्याच्यासमोर उतरवावी, दोन्ही उघडून ताडून पाहाव्यात आणि किती मिनिटे लागली ते लिहून ठेवावे. मागच्या वेळी चाळीस मिनिटे लागली होती, या वेळी पंचवीस, हे दोघांनाही एकाच कागदावर दिसते. या तपासणीची बिलात वेगळी ओळ असावी, नाहीतर पहिल्या घाईच्या महिन्यात तीच गळते.